तळ्याकाठची गोधडी

व्हर्ना गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा नवरा ऑर्विल अंगणातलं गवत कापत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि राहिलेलं गवत कापून टाकलं. दुसरं काय करायचं, सुचलं नाही.

तिची निळी गोधडी त्यानं तिच्यासोबत शवपेटीत ठेवली. ती लहान असताना चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिचे वडील सकाळीच ती गोधडी तळ्याकाठच्या उतारावर अंथरून जागा धरायचे. अंधार पडला की आईच्या कुशीला टेकून ती आतषबाजी बघायची. आवाजाला भ्यायची, म्हणून वडील मागे बसून तिचे कान झाकायचे. शेवटचा बार झाला की म्हणायचे, "झालं गं, चिमणे." तोवर ती हलायची नाही.

लग्नानंतर हे काम ऑर्विलकडे आलं. सत्तरीतही ती दटावायची, "अरे, नीट झाक! आणि 'झालं' म्हटल्याशिवाय मी उठायची नाही हं."

यंदा जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. चार जुलैच्या सकाळी शेजारच्या ड्वेननं कुंपणावरून हाक मारली.

"काय म्हातारबा, यंदाही आमच्या आधी जागा धरलीस! झोपतोस तरी कधी?"

"मी नाही धरली."

"मग ती निळी गोधडी काय बदकांनी अंथरली?"

ऑर्विलनं मुलीला फोन लावला. "कॅरिन, तळ्यावर गोधडी तू टाकलीस?"

"बाबा, ती आपण दोघांनीच ना आईच्या अंगावर घातली?" मग तिनंच विचारलं, "मी येऊ का तिकडे?"

"नको."

संध्याकाळी तो गेला. दुपारी सर येऊन गेली होती. गवत ओलं होतं, गोधडी कोरडी होती. कोपऱ्यावर व्हर्नानं लाल दोऱ्यानं घातलेले टाके होते. आजूबाजूला माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण दुसऱ्याच्या अंथरुणावर त्या गावात कुणी पाय ठेवत नाही. तो नेहमीसारखा मागच्या कडेला बसला. भाजलेल्या कणसांचा वास येत होता.

पहिला बाण वर गेला. त्याचे हात सवयीनं उचलले गेले.

ते हवेत राहिले नाहीत.

तळव्यांखाली कान लागले. गार. फार लहान. बोटांना दोन वेण्या लागल्या. केसांत माती होती.

इतकी लहान व्हर्ना त्यानं कधी पाहिली नव्हती. आताही त्यानं खाली पाहिलं नाही. आकाशाकडे बघत राहिला आणि कान नीट झाकले.

शेवटचा बार झाला. धूर तळ्यावर उतरला. लोक अंथरुणं झटकू लागले.

"चल, घरी सोडतो," ड्वेन म्हणाला. "आणि हात असे काय धरलेस? लोकर गुंडाळायचीय?"

"तू हो पुढे."

"एकटाच बसणार?"

ऑर्विलनं हात तसेच धरून ठेवले. ड्वेन गेला. एकेक गाडी निघून गेली.

तळव्यांखाली ती हललेली नाही. वाट बघते आहे.

"झालं" एवढं म्हणायचं राहिलं आहे.