मांडी थरथरली की उतरायचं

कारवण्याच्या बागायतदार सोसायटीनं यंदा नवा नियम काढला: दंडावर औषधाची पट्टी चिकटवल्याशिवाय कुणी पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढायचं नाही. रेश्मा तोडणकरनं आपली पट्टी घेतली आणि कोयतीच्या मुठीला चिकटवून टाकली.

"अहो, दंडावर!" पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टर केतकी सरदेसाई म्हणाल्या. "स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटले की स्नायू आवळतो. माणूस दमला की ते कमी सुटतात. हे औषध त्यांची दारं उघडी ठेवतं. थकवाच येत नाही."

"मग उतरायचं कधी, ते कोण सांगणार? माझी मांडी थरथरली की मी उतरते. वीस वर्षं तिच्याच भरवशावर आहे."

"जमिनीला पाय न लावता चाळीस झाडं करून दाखवा. नाहीतर पट्टी लावा, किंवा काम सोडा."

रेश्माचं डोकंच फिरलं. काल आलेली बाई तिला चढणं शिकवणार! तिनं पायात दोरीचा फास अडकवला. शेजारच्या रांगेत तिचा भाऊ प्रसाद पट्टी लावून चढला. घड कापायचा, झाड झुलवायचं, पुढची पोफळ धरून तिच्यावर जायचं, ही इथली जुनी रीत. एकतिसाव्या झाडावर रेश्माची मांडी थरथरली. ती सरळ खाली आली. डॉक्टरांनी टॅबवर तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं.

प्रसादनं चाळीस पुरी केली. पण तो उतरेना.

"ताई, हात सुटत नाहीत गं!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. सुटलेले आयन परत आत खेचले गेले तरच मूठ सैल पडते, आणि इथे दारं मिटतच नव्हती. त्यांनी टॅबवरून पट्टीतल्या चिपला औषध सोडणं थांबवायला लावलं. "औषध उतरायला वीस मिनिटं लागतील. पण हात सुटतील ते एकदम सुटतील."

रेश्मा दोरी घेऊन शेजारच्या पोफळीवर चढली. मांडी म्हणाली तिथे दोनदा थांबली. वर पोचल्यावर झाड झुलवून तिनं प्रसादची पोफळ धरली आणि त्याची कमर तिला करकचून बांधली. हात सुटले तेव्हा तो दोरीवर लटकला, पडला नाही.

दोघं खाली आल्यावर डॉक्टरांनी प्रसादला विचारलं, "फार दुखत होतं का?"

"नाही," प्रसाद आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "काहीच जाणवलं नाही. त्याचीच भीती वाटतेय."

"आम्ही मात्रा कमी करू," डॉक्टर पुटपुटल्या.

रेश्मानं कोयतीच्या मुठीवरची पट्टी सोलून त्यांच्या हातावर ठेवली.

"करा. माझ्या नावापुढचं 'अपात्र' तेवढं खोडू नका, वेळेवर उतरल्याची खूण आहे ती. मी उद्या चढणार आहे, मांडी सांगेल तितकी झाडं. अडवायला कोण येतंय?"