पाठमोरी

मालिका लोकांना कशी वाटली हे जाणून घ्यायचं तर मालिका बघायची नसते, लोक बघायचे असतात. वाहिनीच्या संशोधन विभागात लागली त्याच दिवशी तिला हे शिकवलं गेलं. चाचणीच्या खोलीत तिची खुर्ची पडद्याच्या अगदी पुढ्यात, पडद्याकडे पाठ करून ठेवलेली असे. समोर तीन रांगांत बोलावून आणलेले प्रेक्षक: कुणी शिंपी, कुणी निवृत्त परिचारिका, कुणी परीक्षा संपलेला विद्यार्थी. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडायचा आणि ती ते चेहरे वाचत बसायची. कोण पुढे झुकलं, कुणाला जांभई आली, कुणाचा हात मोबाइलकडे गेला. सवयीने तिला इतकं जमू लागलं होतं की नुसत्या नजरांवरून ती सांगायची, आत्ता पात्र डावीकडून आलं, आत्ता मधोमध थांबलं. भाग संपला की ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं शब्दशः उतरवायची, आणि स्वतःचं मत घरी ठेवून यायचं.

कचेरीत तिचं नाव पाठमोरी पडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला मोजमापाच्या मध्ये आपण येऊ नये, एवढंच हवं असतं.

या वेळी मात्र तिला मध्ये ओढलं गेलं. रहस्यमालिकेच्या चालू पर्वाचा शेवटून दुसरा भाग चाचणीला आला होता आणि त्यात वकीलबाईंचा खून होतो. वकीलबाई हे लोकांचं लाडकं पात्र, आणि ते काम करणारी नटी पाठमोरीची सख्खी थोरली बहीण. प्रसंग साधाच होता. खुनी कोण ते वकीलबाईंना कळलेलं असतं, त्या घरी एकट्या असतात, दारावर टकटक होते, त्या उठून दार उघडतात आणि खेळ खलास. ताईने चित्रीकरणाच्या वेळीच वाद घातला होता. एवढी हुशार बाई, खुनी मोकळा फिरतोय हे माहीत असून, कोण आहे हे न विचारता कडी काढेलच कशी? दिग्दर्शकाने सांगितलं, कथेला तिने दार उघडलेलं हवंय. ताई म्हणाली, मग कथेने येऊन उघडावं.

हे वाक्य कर्णोपकर्णी झालं आणि ताईवर 'नाही म्हणणारी नटी' असा शिक्का बसला. शेवटी तडजोड झाली ती एवढीच, की प्रेक्षकांना हा खून पटला नाही तर प्रसंग बदलायचा आणि वकीलबाई पुढच्या पर्वातही ठेवायच्या. पटला तर ताईने मुकाट्याने निघायचं. निघाली असती तर शिक्का बसलेल्या नटीला दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं.

चाचणीचं काम विभागप्रमुखांनी मुद्दाम पाठमोरीलाच दिलं. ही माझी बहीण आहे, मी यात असणं बरोबर नाही, असं तिने सांगून पाहिलं. ते गोड हसले.

"अगं, म्हणून तर. सख्ख्या बहिणीनेच लिहून दिलं की लोकांना पटलं, मग कोण तोंड उघडणार? काट्याने काटा निघतो."

लोकांना पटेल याविषयी त्यांना शंका नव्हती. लोकांना काहीही पटतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

पहिल्या चाचणीत तिला काही वावगं जाणवलं नाही. भाग आधी बघायचा नाही हा नियम होता, त्यामुळे पुढे काय ऐकू यायला हवं हे तिला माहीत नव्हतं. सकाळची वेळ, खिडक्यांना काळं कापड, पडद्याशेजारच्या उभ्या पंख्याचा वारा मानेला लागत होता. मागे टकटक सुरू झाली. बराच वेळ चालली. मग शेवटचं संगीत वाजलं. तिने विचारलं, वकीलबाई गेल्या, ते कसं वाटलं?

"गेल्या?" पहिल्या रांगेतला शिंपी म्हणाला. "कुठे गेल्या? कडीला हात लावला आणि मागे घेतला की त्यांनी. टीव्हीवर एवढी शहाणी बाई पहिल्यांदा बघितली मी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ती तडक एडिटरकडे गेली, चुकीची प्रत दिलीस का म्हणून. त्याने प्रसंग लावून दाखवला. ताई उठली, दार उघडलं, किंकाळी, फरशीवर पसरत जाणारं रक्त. याच्याशिवाय दुसरं काही आपण चित्रित केलेलंच नाही, तो म्हणाला, आणि तुझ्या खोलीत हेच लावलं होतं. पाठमोरी जिन्यात येऊन उभी राहिली. किंकाळी तिने खोलीत ऐकली नव्हती.

दुसऱ्या चाचणीला सगळे प्रेक्षक नवे होते. त्यांनी आणखी थोडं पाहिलं. वकीलबाईंनी हात मागे घेतला, एक खुर्ची ओढून दारासमोर आणली आणि तीत बसून राहिल्या. बाहेरचा ठोकत राहिला. एक बाई म्हणाली, बसली कशी बघा, जशी काय पाहुण्याला बाहेर उभं ठेवायचा पण केलाय.

ती ताईकडे गेली तेव्हा ताई कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकेपर्यंत तिच्या हातातली ओली चादर पायांवर ठिबकत राहिली.

"हात मी मागे घेतला होता," ताई म्हणाली. "तालमीत, एकदाच. कॅमेरा बंद होता. मग ओरडा खाल्ला."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची नुसती मनात आली होती गं. कुणाला बोलले पण नाही."

बाहेर कोण होतं, हे पाठमोरीने विचारलं. कोणीच नाही, ताईने सांगितलं. खुन्याचं काम करणाऱ्याला त्या दिवशी बोलावलंच नव्हतं. ध्वनीवाले काका एका फळीवर बोटांनी ठोकत होते. चादर तारेवर टाकून तिने चिमटा लावला आणि म्हणाली, "फळी त्यांनी खाली ठेवली, त्यानंतरही एकदा वाजलं. सगळे हसले होते."

तिसऱ्या वेळी पाठमोरीने नियम मोडला. टकटक चालू होती, समोरच्या सगळ्या नजरा मधोमध, जरा खाली स्थिरावल्या होत्या. म्हणजे कुणीतरी बसलेलं होतं. तिने मान वळवली. पडद्यावर ताई उभी होती, कडीला हात घालून. दार उघडलं. या वेळी किंकाळी खोलीभर घुमली.

नंतर एक निवृत्त परिचारिका तिच्यावरच चिडली. "बसली होती बिचारी धीराने. मध्येच अशी उठली, जशी कुणी मानगूट धरून उठवली. आणि उठताना आमच्याकडे नव्हती बघत. तुमच्याकडे बघत होती."

त्या दुपारी पाठमोरीने सगळ्या नोंदी पुन्हा समोर मांडल्या. मग शिकल्याप्रमाणे तिने एकेक गोष्ट वगळायला घेतली. प्रत बदलली, फरक पडला नाही. खोली बदलली, फरक पडला नाही. खोलीच्या मागच्या भिंतीशी मोबाइल लावून पडदा टिपला. ते चित्रण बघायला बसली तर त्यात ताई दार उघडत होती. शेवटी तिने स्वतःला वगळलं. सहकाऱ्याला आपल्या खुर्चीत बसवलं आणि घरी राहिली. त्या दिवशी वकीलबाई दार उघडून रीतसर मेल्या आणि प्रेक्षकांनी 'बरा होता भाग' असं मत दिलं.

म्हणजे उरली एकच गोष्ट, तिची पाठ. ती पडद्याकडे असेतो ताई बसून राहत होती. हा निष्कर्ष तिला आवडला नाही. पण निष्कर्ष आवडायचे नसतात, काढायचे असतात.

अहवाल वाचून विभागप्रमुखांचं गोड हसू आटलं. तू या लोकांना पढवतेस, ते म्हणाले, बहिणीसाठी. सहकाऱ्याने घेतलेली चाचणी तेवढी ठेव, बाकीच्या फाड आणि सही कर. तिने अहवाल त्यांच्याकडे परत सरकवला.

"ज्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलंय. खोटं लिहायचं असेल तर अक्षर तुमचं असू दे, साहेब."

मग असं ठरलं की शेवटची एक चाचणी घ्यायची. साहेब आणि दिग्दर्शक स्वतः प्रेक्षकांत बसतील, आणि भाग संपेपर्यंत पाठमोरी तोंडातून अक्षर काढणार नाही. त्या दोघांच्या डोळ्यांदेखत वकीलबाईंनी दार उघडलं, तर दोघी बहिणींनी दुसरीकडे काम बघायचं.

खोली भरली. दिग्दर्शक दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला, शेजारी साहेब. पहिल्या रांगेत चष्म्याच्या दुकानातले एक आजोबा आणि त्यांच्या बाजूला पाय लांब करून बसलेला एक विद्यार्थी. पाठमोरीने पॅड मांडीवर घेतलं आणि पडद्याकडे पाठ केली.

टकटक सुरू झाली.

नजरा डावीकडे गेल्या, दाराकडे. थांबल्या. मग मधोमध आल्या आणि जरा खाली उतरल्या. दिग्दर्शकाच्या हातांची घडी सुटली. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर त्यांची पापणी लवली नाही. ताई खुर्चीत बसली होती. पाठमोरीला ते पडदा न बघता ठाऊक होतं.

टकटक चालत राहिली.

मग थांबली. आजवर ती मध्येच कधी थांबली नव्हती.

कुणाचाही चेहरा सैल पडला नाही. नजरा पुन्हा दाराकडे गेल्या आणि तिथून सरकू लागल्या. ताईकडे नाही. खाली, सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या गतीने. चित्र जिथे संपतं त्या कडेपर्यंत.

तिथे त्या थांबायला हव्या होत्या.

त्या आणखी पुढे आल्या. विद्यार्थ्याने लांब केलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पंख्याचा वारा मानेला लागत होता, तो लागेनासा झाला. पंखा चालू असल्याचं मात्र ऐकू येत होतं.

नजरा थांबल्या. सगळ्यांच्या, एकाच ठिकाणी. तिच्या उजव्या खांद्याच्या जरा वर.

काय आहे ते कळायला मान वळवणं पुरेसं होतं. झाकलेलं भांडं उघडल्याशिवाय तिला लहानपणापासून कधी राहवलं नव्हतं. पण मान वळली असती तर मागे खुर्चीत बसलेली ताई उठली असती, आणि एकदा उठली की ती दाराकडेच जाणार होती.

"नाही," ती म्हणाली. ठरलेली अट मोडून, हळू आवाजात. "मी नाही वळणार."

शेवटचं संगीत वाजलं. कुणीतरी उठून पडद्याच्या वरची ट्यूब लावली. नजरा होत्या तिथेच राहिल्या. तिने पॅड उघडलं आणि नेहमीसारखा पहिला प्रश्न विचारला, भाग कसा वाटला. चांगला वाटला, असं दोघंतिघं म्हणाले, अगदी जपून, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. वकीलबाई पुढच्या पर्वात हव्यात का, हे विचारल्यावर सगळे हात वर झाले. त्यात साहेबांचाही होता.

"राहू दे तिला," दिग्दर्शक म्हणाला. "प्रसंग बदलू. लिहा तसं."

तिने लिहिलं. ताई राहिली होती. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, पुढच्या भागात काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

अखेर आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. बोलत ते तिच्याशीच होते. बघत मात्र तिच्याकडे नव्हते.

"तुम्ही असंच बसून राहावं, बाळ. एवढंच."

तिने ते मत शब्दशः उतरवायला घेतलं. कागदावर सावली पडली होती. तिने पॅड जरा उजेडाकडे सरकवलं आणि वाक्य पूर्ण केलं.