सतरा नंबरचा फॉर्म

"हात लावू नका!"

मी इतक्या जोरात ओरडले की वर्कशॉपच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. नुसती ओरडले नाही, त्या अनोळखी माणसाच्या शर्टाची बाही धरून त्याला मागेच ओढलं. त्याच्या काखेतला कागदांचा गठ्ठा निसटला आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर पसरला.

"काय झालं?" तो दचकून म्हणाला.

"चार नंबरच्या ग्राइंडरला करंट येतो. बॉडीला."

"मग तसा बोर्ड लावायचा ना!"

"रोज लावते. रोज कुणीतरी काढतं."

खिशातला टेस्टर काढून मी ग्राइंडरला टेकवला. आतला बारीक दिवा लाल पेटला. त्यानं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मग स्वतःच्या बाहीकडे... ती अजून माझ्या मुठीत होती. मी घाईघाईनं सोडली.

"मी संघर्ष," तो म्हणाला. "तुमच्या कॉलेजात किती समाधान आहे ते मोजायला आलोय. म्हणजे स्टाफचं."

संघर्ष नावाचा माणूस समाधान मोजायला आलाय म्हटल्यावर कुणीही हसलं असतं. मला हसू फुटलं नाही, कारण मी घाबरलेली होते. तशी मी कायमच घाबरलेली असते. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, "आमची आम्रपाली उघड्या वायरीला भीत नाय, पण शेजारच्या काकूला भिती." खरंच आहे ते. वीज कुठून येते आणि कुठे जाते ते मला कळतं, माणसांचं कळत नाही.

आम्ही दोघं खाली बसून कागद गोळा करायला लागलो. तेवढ्यात त्याची नजर खिडकीतल्या माझ्या डब्याकडे गेली. साडेतीन वाजले होते आणि डब्याचं झाकण बंद होतं.

"तुम्ही जेवलात का?"

"अं?... नाही. बॅच होती."

"मग आधी जेवा, फॉर्म नंतर भरा. उपाशी माणूस सगळ्याच प्रश्नांना एकसारखे मार्क देतो, असा माझा अनुभव आहे, मॅडम."

चिखलीतल्या या कम्युनिटी कॉलेजात मी तीन वर्षं वायरमनचा कोर्स शिकवत होते. इथे शिकून पोरं-पोरी चाकणच्या कंपन्यांत लागतात. या तीन वर्षांत 'जेवलात का' हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी जेवले आणि मग फॉर्म पुढे ओढला.

फॉर्मवर ठळक छापलं होतं— नाव लिहू नये, माहिती गोपनीय राहील. दहा प्रश्नांना एक ते पाचमधला आकडा द्यायचा होता. अकरावा प्रश्न होता, 'या संस्थेत तुम्हाला आनंद देणारी गोष्ट कोणती?' बारावा होता, 'आणखी काही सांगायचे आहे का?'

बाराव्यात मी तीन महिन्यांचं साठलेलं सगळं लिहून टाकलं. कॉलेजच्या सरकारी तपासणीसाठी वर्कशॉपमध्ये नवी फरशी बसवली तेव्हा खालची, गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची पट्टी तुटली. तेव्हापासून चार नंबरला करंट येतो. मी प्लग काढला की तपासणीत सगळी मशिनं चालू दिसायला हवीत म्हणून कुणीतरी तो परत लावतं. सुपरवायझरांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेखी द्या, सहीनिशी. तोंडी बोललेलं सर ऐकत नाहीत." मागच्या वर्षी सुजित सरांनी असंच काहीतरी सहीनिशी दिलं होतं, आणि मार्चमध्ये त्यांचा करार पुढे वाढला नाही. माझाही करार अकरा महिन्यांचा, एकतीस मार्चला संपणारा. दादा कंपनीतून रिटायर झालेले, आईचे गुडघे गेलेले. त्यामुळे ती सही माझ्या हातून काही झाली नव्हती. इथे मात्र नावच लिहायचं नव्हतं!

त्याच धिटाईत अकराव्यात लिहून बसले, 'आज पहिल्यांदा कुणीतरी जेवलात का म्हणून विचारलं. रोज विचारावं.'

दुसऱ्या दिवशी कूलरपाशी ऑफिसातल्या शालनबाई भेटल्या. सगळ्यांचे फॉर्म त्यांनीच गोळा केले होते. फार खुशीत होत्या.

"मॅडम, एक बी कागद इकडचा तिकडं व्हायचा न्हाई बघा. समद्या फॉर्मांवर कोपऱ्यात मी पेन्सिलीनं नंबर टाकलेत."

"कसले नंबर?"

"मस्टरवरचे! ज्याचा त्याचा नंबर ज्याच्या त्याच्या फॉर्मावर. हाय का न्हाई डोकं?"

मस्टरवर माझा नंबर सतरा. हातातला पेला तसाच राहिला आणि पाणी चपलेवर सांडत गेलं. शालनबाईंना काही बोलण्यात अर्थ नव्हता. बिचाऱ्यांनी पंचवीस वर्षं या कॉलेजातला एक कागद हरवू दिला नव्हता.

संघर्ष ग्रंथालयाच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, टेस्टर लावून बघू का? चेहऱ्यावरचा करंट गेलाय तुमच्या."

"सतरा नंबरचा फॉर्म परत द्या."

तो हळूच म्हणाला, "परत नाही देता येत. एक्केचाळीस घेतले म्हणून सही केलीय मी."

"मग त्यावरचा नंबर तरी खोडा!"

"एकावरचाच खोडला तर तोच उठून दिसेल."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं... करार, सुजित सर, दादा. शेवटी तो फक्त म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर खोडरबराचा चुरा पसरलेला. थोडा त्याच्या बाह्यांवर आणि थोडा एका भुवईवर. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फॉर्मांवरचे नंबर गायब झाले होते.

"शालनबाईंनी पेन्सिल फार दाबून धरलीय हो," बोटं झाडत तो म्हणाला. "सरांकडे फक्त टाइप केलेली उत्तरं जातील. अक्षरही दिसणार नाही. मूळ फॉर्म सीलबंद आमच्या ऑफिसात. झालं समाधान?"

"भुवईवर... चुरा आहे."

"कुठल्या?"

मी बोट दाखवलं. त्यानं मुद्दाम दुसरीच पुसली. मला हसू आलं आणि लगेच दुसरी भीती आठवली.

"तुम्ही सगळे प्रश्न वाचलेत? म्हणजे... अकरावासुद्धा?"

त्याचे कान लाल झाले. "ते गोपनीय आहे, मॅडम. सांगता येत नाही."

त्या दिवशी दिघीला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते.  मी वाचले होते. आणि ज्यानं वाचवलं होतं त्याच्या भुवईवर खोडरबराचा चुरा होता.

शनिवारी सकाळी वर्षाली चार नंबरपाशी पडली.

माझ्या बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी. चाकणला लागायचं म्हणून शर्टाला रोज इस्त्री करून येणारी. कुणीतरी पुन्हा बोर्ड काढून प्लग लावला होता; मी फळ्याकडे वळले होते, तेवढ्यात धप्प आवाज आला. पळत जाऊन मी मेन स्विच पाडला. ती फरशीवर बसली होती, ओठ पांढरे पडलेले, उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"काही नाही, मॅडम," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "मुंग्या आल्या नुसत्या."

डॉक्टरांकडे नेलं, ठीक होती. सुपरवायझरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'घसरून पडली.' मी बोर्ड परत लावला. अक्षरं वाकडी आली.

त्याच दुपारी सर्वेक्षणाची सभा होती. प्राचार्य हरिहर सर खूश होते. वाईट माणूस नव्हे तो, पण तपासणीच्या नावानं त्यालाही झोप नव्हती. "सरासरी समाधान चार पूर्णांक एक!" त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. कडेच्या खुर्चीत संघर्ष बसला होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग सरांनी शेवटचं पान उलटलं.

"इथे कुणीतरी चार नंबरच्या ग्राइंडरबद्दल लिहिलंय. पान भरून." त्यांनी चष्मा काढला. "कुणी लिहिलं? नाव नाही, सही नाही. अशा निनावी कागदावर मी तपासणीच्या तोंडावर नवी फरशी फोडायची? निनावी तक्रारीवर कारवाई होत नाही. पुढचा विषय."

पुढचा विषय पार्किंगचा होता. मी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. माझं नाव पुसलं गेलं होतं, म्हणून मी सुरक्षित होते. आणि माझं नाव नव्हतं, म्हणूनच चार नंबर चालू राहणार होता. सोमवारी दहा वाजता वर्षाली पुन्हा तिथेच उभी राहणार होती, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी वर पाहिलं. संघर्ष माझ्याकडेच बघत होता. त्यानं मान किंचित हलवली... नको.

मी उभी राहिले. समोरची खुर्ची धरली.

"सर, ते मी लिहिलंय."

पार्किंग थांबलं.

"आज सकाळी वर्षाली घसरली नाही, सर. तिला शॉक बसला. पुढच्या वेळी डॉक्टरही उपयोगाचा असेल की नाही सांगता येत नाही. सही हवी ना? द्या तो कागद."

खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. सही करताना 'आ'चा काना खालच्या ओळीपर्यंत घसरला. पण सही झाली. सरांनी ती सही पाहिली. मग म्हणाले, "बसा." तेवढंच.

सोमवारी फरशी फोडली. खाली पट्टी तुटलेली सापडली, मी लिहिलं होतं तिथेच. तपासणीचे लोक आले तेव्हा खड्डा उघडाच होता. ते त्याला वळसा घालून पुढे गेले. बस्स, इतकंच झालं.

एकतीस मार्चला शालनबाई लिफाफा घेऊन आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "मस्टरवर सही करा, मॅडम," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यो नंबर मी टाकाया नको हुता."

"नंबरानं काही झालं नाही, शालनबाई. नाव मीच सांगितलं."

पत्रात दोन ओळी होत्या. संस्थेस आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. मी सतरा नंबरसमोर शेवटची सही केली, टेस्टर खिशात घातला, डबा उचलला. वर्कशॉपमधून चार नंबरचा आवाज येत होता. वर्षाली त्यावर काम करत होती, दोन्ही हातांनी, न घाबरता. मी दारातूनच वळले.

फाटकाबाहेर उन्हात स्कूटर लावून संघर्ष उभा होता. अंतिम अहवाल द्यायला आला होता म्हणे. लिफाफा बघून त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो. दिसलं मला."

"तुम्ही उठलात तेव्हा... मला वाटलं, मी हे काय खोडत बसलो होतो." त्यानं लिफाफ्याकडे बोट केलं. "आता काय करणार?"

"वायरमनचं लायसन्स आहे. काम मिळेल कुठेतरी. पण भीती वाटतेय हो. दादांना सांगायची, उद्याची. आणि—"

"आणि?"

"तुम्ही अकरावा प्रश्न वाचलाय, त्याची."

तो हसला नाही. स्कूटरच्या डिकीतून त्यानं अहवालाची प्रत काढली आणि अकराव्या प्रश्नाचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. खाली लिहिलं होतं, 'एकूण उत्तरे चाळीस.'

"फॉर्म तर एक्केचाळीस होते," मी म्हणाले. "मोजणी चुकलीय तुमची."

"आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकवली. ते एक उत्तर कॉलेजचं नव्हतं, माझं होतं. मी ठेवून घेतलं." त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "त्यात 'रोज' असं लिहिलंय. रोज म्हणजे... कुठल्या तारखेपासून धरायचं?"

रस्त्यावरून कंपनीची बस धूळ उडवत गेली.  त्यानं हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"लावू का हात? की करंट येतो?"

"येतो," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.  

"आम्रपाली," पहिल्यांदाच मॅडम न म्हणता त्यानं विचारलं, "जेवलीस का?"

तीन वाजून गेले होते. डब्याचं झाकण अजून बंद होतं.

"नाही," मी म्हणाले. "आणि आज एकटीनं जेवायचं नाहीये मला."