आजींचे हिरव्या दांडीचे पेले

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

खरी आहे. अगदी खरी. जिच्यावर बेतली ती बाई आजही चालती-बोलती आहे.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. तिन्हीसांज होती. दुकानातले दिवे नुकतेच लागले होते, रस्त्यावर माणसांची ये-जा होती.

दुकान जुन्या काचेचं. वाइनचे पेले, सुरया, बर्फाची भांडी, बारमध्ये लागणारं सगळं जुनं सामान. त्यातही जर्मन काच ही तिथली खासियत. दुकान चालवायच्या दोघी, वहिनी आणि तिची नणंद. नणंदेला घरात सगळे बेबी म्हणत. केस पिकले तरी बेबीच. वहिनी घरोघर फिरून माल शोधायची, बेबी तो विकायची. बेबीची नजर अशी की, पेला तोंडाने फुंकून घडवलाय की साच्यातून काढलाय, हे लांबूनच ओळखायची. वहिनीचा भरवसा कानावर. पेल्याच्या काठाला नखाने टिचकी मारायची. चांगली काच गाते. तडा गेलेली किंवा हलकी असली, तर नुसतं टक्.

दोघींचं इतकं जमायचं, की गिऱ्हाइकं त्यांना सख्ख्या बहिणी समजत.

खरेदीला फिरता फिरता वहिनीला एक आजी भेटल्या. एकट्या राहणाऱ्या, डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या. त्यांच्या कपाटात लग्नात मिळालेले सहा जर्मन पेले होते. जाड हिरवी दांडी, ओला हात घसरू नये म्हणून तिच्यावर तुतीच्या फळांसारखे काचेचे टपोरे गोळे. आजी रोज संध्याकाळी ते पुसत आणि एकेकाला टिचकी मारत. फुंकून घडवलेल्या प्रत्येक पेल्याचा आवाज वेगळा, म्हणायच्या. दिसत नाही, पण घरात सहा माणसं आहेत असं वाटतं.

वहिनी तिथे गेली की खरेदी विसरून ऐकतच बसायची.

एकदा आजींनी तिचा हात धरला.

"मी आहे तोवर हे हलवू नकोस, पोरी. नंतर तुझेच."

"नाही हलवणार, आजी."

शब्द दिला. आणि घरी येऊन बेबीला सगळं सांगितलं. बेबीपासून काय लपवायचं?

मग वहिनी मालाच्या शोधात महिनाभर परगावी गेली. परतली त्या संध्याकाळी दुकानात पाऊल टाकलं, आणि...

समोरच्या कपाटात तेच सहा पेले.

बेबी हसत पुढे आली. आजींनी स्वतःच बोलावून दिले, म्हणाली. आता जपवत नाहीत, म्हणाल्या. एक बारवाला असेच पेले शोधत होता, तो उद्या न्यायला येणार.

वहिनीच्या मनाला लागलं. माझ्यासाठी थांबल्याही नाहीत? तिने एक पेला उचलला आणि सवयीने टिचकी मारली.

काहीच नाही.

टक्सुद्धा नाही... जणू नख कापसावर पडलं.

दुसरा पेला. तिसरा. तेच.

कानांना दडे बसले असतील, म्हणून शेजारची सुरई वाजवून पाहिली. खणखणीत वाजली. पुन्हा पेला... आणि या वेळी बाहेरच्या रस्त्याचा गलकाही क्षणभर बंद पडला.

तिने आजींना फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"आजी?"

पलीकडून फक्त...

टक्.

जरा थांबून... टक्.

कुणीतरी नखाने एकेक पेला तपासत होतं. साच्यातली हलकी काच. वहिनीला तो आवाज ओळखू येणारच.

मग एक श्वास... आणि आजींचा मऊ आवाज.

"शब्द दिला होतास ना, पोरी?"

फोन बंद.

वहिनी तशीच धावली. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली, आणि वहिनीला पाहताच तिने तोंड फिरवलं. आजींना जाऊन आठवडा झाला, एवढंच म्हणाली. वहिनीने हातापाया पडून दार उघडायला लावलं.

टेबलावर फोन होता. वायर काढून गुंडाळून ठेवलेली.

घरभर धूळ... आणि कपाटात सहा पेले, लख्ख पुसलेले. तोच हिरवा रंग, तेच गोळे. वहिनीने दांडीवरून बोट फिरवलं. साच्याची रेघ लागली.

मग शेजारणीने सांगितलं. एक बाई आली होती. वहिनीने पाठवलंय, पेले धुऊन आणते, म्हणाली. आणूनही दिले. त्या संध्याकाळी आजींनी टिचकी मारून पाहिली, आणि तेव्हापासून त्या बोलेनाशा झाल्या. एकच विचारायच्या, "तिनेच?"

बेबीने रंग, उंची, सगळं हुबेहूब जुळवलं होतं. पण ती डोळ्यांनी धंदा करणारी. आजी पेले बघत नाहीत, ऐकतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुकानात परतल्यावर वहिनी ओरडली नाही.

"माझं नाव का घेतलंस?"

बेबी काउंटर पुसत होती. हात थांबलाही नाही.

"तुझं नाव घेतलं नसतं, तर म्हातारीने दार उघडलं असतं का?"

मग समजूत घालू लागली. गेलेल्या माणसाला आता काय त्याचं. आणि वाजत नाही काय म्हणतेस, कानातला मळ काढ. तिने एक पेला उचलून टिचकी मारली, आणि हा बघ कसा गातोय, म्हणाली.

वहिनीने नख काठावर आपटताना पाहिलं. पेला थरथरताना पाहिला.

ऐकू आलं नाही.

त्याऐवजी अगदी कानापाशी... टक्. आणि फोनवरचा तोच प्रश्न, "शब्द दिला होतास ना, पोरी?"

बेबीला काही ऐकू आलं नाही. आजतागायत आलेलं नाही. तिला छान झोप लागते.

आजी बेबीला ओळखतच नव्हत्या. ओळखत होत्या वहिनीला.

वहिनीने ते पेले त्याच संध्याकाळी आजींच्या कपाटात परत नेऊन ठेवले. दुकान सोडलं, बेबीशी बोलणं सोडलं. तरी दिवेलागणीला घरातले आवाज मधेच थांबतात... आणि प्रश्न येतो. ती हात जोडून सांगते, "आजी, मी नव्हते हो." मग पुन्हा तोच प्रश्न.

खरं काय ते देवाला ठाऊक आहे. पण मग त्याने आजींना अजून का सांगितलं नाही, या विचाराने आजही जिवाला चैन पडत नाही.

म्हणून एक मागणं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या आजींची आठवण काढा. वहिनीचं त्या ऐकत नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील. एवढंच सांगा त्यांना... तिने शब्द मोडला नाही.