भरलेली जागा

रत्नागिरीच्या सभागृहात हेमांगी पेंढरकर गायला बसली, तेव्हा तिच्या शेजारची तबल्याची बैठक रिकामीच होती. साथीला दस्तगीरचाचा होते, पण मिरजेला, आपल्या घरी. गुडघे गेल्यापासून त्यांनी प्रवास सोडला होता. मोठ्या पडद्यावर चाचा दिसत आणि तबला असा ताजा ऐकू येई, की आता कुणाला त्याचं नवलही वाटत नसे.

ही किमया सुमेधा हेरवाडकरची. बिनतारी वाटेने आवाज यायला क्षणाचा अंश लागतोच, आणि तेवढ्यानेही थेट मैफलीत सम चुकते. सुमेधाचं 'पूरक' यंत्र वादकाचा हात ओळखून पुढचा बोल आधीच वाजवी. खरा बोल मागून आला, की स्वतःला सावरून घेई. नेटवर्क तुटलं तर मधली जागाही तेच भरून काढी, चित्रासकट.

"काय पोरी," आवाज तपासताना चाचांनी नेहमीचा टोमणा मारला, "तुझं यंत्र अजून माझ्या आधीच समेवर पोचतं का? म्हातारपणी बरा शागीर्द गाठ पडला!"

"गुणी आहे, चाचा. उलट बोलत नाही."

"तीच तर खोट. अगं, मी कधी मुद्दाम हात उचलतो. ती जागा राहू दे की रिकामी. रिकामी जागाही वाजते."

"पुढच्या वेळी बघते," सुमेधा म्हणाली. वर्षभर ती हेच म्हणत आली होती.

तोडी रंगू लागली आणि सभागृहात मागे बसलेल्या सुमेधाच्या यंत्रावर पिवळा दिवा लागला. म्हणजे पूरक जागा भरत होतं. मिरजेचं नेटवर्क नेहमीचंच रडकं, म्हणून सुमेधाने काणाडोळा केला. दिवा विझला नाही. ठेका मात्र घोटीव चालला होता, पडद्यावर चाचांची मान डुलत होती. शेवटच्या तिहाईला सभागृह उठून उभं राहिलं.

"चाचा, आज कमाल केलीत!" हेमांगीने पडद्याला हात जोडले. चाचा नुसते हसत राहिले.

तेवढ्यात सुमेधाचा फोन वाजला. चाचांची सून रेहाना होती.

"ताई, अब्बा तबल्यावरच कलंडलेत. अंग गार पडलंय."

नेटवर्क तुटलंच नव्हतं. हात थांबला होता, आणि ती शांतता बिघाड समजून यंत्राने भरून काढली होती.

दफन झाल्यावर सुमेधा मिरजेला गेली. माडीवरच्या बंद खोलीत तबला तसाच होता, हातोडी शेजारी. रेहाना दारातच थांबली.

"मी खाली स्वयंपाकघरात होते. मोबाईलवर कार्यक्रम लावला होता. तबला वाजत होता ना, म्हणून वर डोकावलेच नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "ताई, खरं सांगा. अब्बांचा हात कधी थांबला? मी जिना चढले असते, तर ते वाचले असते का?"

दिवा लागला तेव्हा मैफल निम्मीही झाली नव्हती. सुमेधाला ते पक्कं आठवत होतं. 'अगदी शेवटी' एवढे दोन शब्द बोलले, की भागणार होतं. या पोरीला निदान झोप तरी लागली असती.

ही जागाही भरून टाकायची?