क्लेमच्या खिडकीवरची सत्तेचाळीस मिनिटं

"सत्तेचाळीस मिनिटं," बाकावर बसलेला अनोळखी तरुण मोबाईलकडे बघत म्हणाला. "पुण्यात एक क्लेम बारा मिनिटांत होतो."

खिडकीमागून भुवनेश्वरीनं मान वर केली. नवऱ्याच्या विम्याचे कागद पदराखाली धरून बनाबाई नुकत्याच डोळे पुसत गेल्या होत्या, आणि हा मेला मिनिटं मोजत बसला होता.

"तुम्ही कोण?"

"शिवराज. हेड ऑफिसकडून आलोय. कुठलं काम किती वेळ खातं ते बघायचं आणि खर्च त्या कामाच्या नावावर टाकायचा…"

"म्हणजे माझ्या खिडकीच्या मुळावर आलाय."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. म्हणजे खरंच होतं. विमा कंपनीच्या सोलापूर शाखेतली ही खिडकी महाग ठरली की बंद होणार, आणि मोहोळच्या बाईनं पुण्याला फोन लावत बसायचं. पण सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली ही पोरगी मुकाट्यानं मान डोलावणाऱ्यांतली नव्हतीच.

"मोजा की. पण हितं, माझ्या शेजारी बसून मोजा."

बसला बिचारा. दिसायला बरा होता, हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्वतःवरच चिडली. एप्रिलची काहिली, वर कुरकुरणारा पंखा… आणि दोघांच्या कोपरांत वीतभर अंतर.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडच्या कमलम्मा आल्या. भुवनेश्वरी त्यांच्याशी अर्धा तास कानडीत बोलली.

"काय म्हणाल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"हप्ता थकल्याचं घरात कुणाला कळलंच नाही म्हणे. हप्त्याचे मेसेज कुठं गेले ते तुम्हीच बघा."

त्यानं फाईल उघडली. मग बनाबाईंची, मग आणखी वीस. निम्म्या फायलींत मोबाईल नंबर एकच होता, एजंटचा. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून एजंट फॉर्मवर खुशाल आपलाच नंबर टाकतात. नवरा गेल्यावर धावपळ मात्र बायकोची, आणि तो घोळ निस्तरण्यात वेळ जातो खिडकीचा.

"आता सांगा, ही जास्तीची पस्तीस मिनिटं माझी की विक्रीवाल्यांची?"

"विक्रीवाल्यांची. पण पुण्याच्या साहेबांना न्हाय पटायचं हे…"

भुवनेश्वरी पहिल्यांदा हसली. "गाव कुठलं हो तुमचं?"

"वेळापूर."

"मग असंच बोलत जा. शोभतं तुम्हाला."

"आणखी काय शोभतं?"

तिनं एका फॉर्मवर शिक्का उलटा मारला.

आठव्या दिवशी साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. भुवनेश्वरी दारातच उभी राहिली, मुद्दाम.

"खिडकी परवडत नाही, एवढंच लिही," साहेब म्हणाले.

"नाही सर. खिडकीचं काम बारा मिनिटांचंच आहे. बाकीचा खर्च विक्री विभागावर टाकलाय. तीनशे फायली तपासल्यात, आकडा बदलणार नाही."

साहेबांनी पडद्यावरच अहवाल वरखाली चाळला. मग म्हणाले, "राहू दे खिडकी. पण तुझी बढती विसर."

कॉल संपला. भुवनेश्वरी तरातरा आत आली.

"वेडे आहात का? माझ्यासाठी बढती घालवलीत?"

"तुझ्यासाठी न्हाय. हिशोब खरा होता म्हणून." कान लाल झाले होते त्याचे. "तुझ्यासाठी… सोलापूरला बदली मागितलीय. सकाळीच अर्ज दिला."

तिला तो लई आवडला होता, आणि आता ते लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"मग संध्याकाळी घरी चल, माझ्या वडलांना भेटायला. अप्पा जात विचारतील, आरडाओरडा करतील."

"आणि तू?"

"मी तुझ्या शेजारी बसेन."