शिवगंगेच्या मांडीतली प्लेट

दोन हजार तेराच्या दुष्काळात आष्टीजवळच्या चारा छावणीत कागदावर तीनशे जनावरं होती. दूध संस्थेचा चेअरमन रेवणसिद्ध ती चालवायचा. तिथंच शेणकाल्यात पाय घसरून त्याची बायको शिवगंगा पडली आणि तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना कुठल्या धातूचा त्रास होतो का? खाज, पुरळ?" तसं असेल तर स्टीलची प्लेट चालणार नाही, दुसरी मागवायला चार दिवस लागतील, असंही ते म्हणाले.

रेवणसिद्धाला चार दिवस कुठले? दुसऱ्याच दिवशी छावणीत सरकारी मोजणी होती आणि यादीतली चाळीस जनावरं अजून शेजारच्या गावांतून हाकून आणायची होती.

माहीत त्याला सगळं होतं. नकली पोत घातली की शिवगंगेची मान चिघळायची. पिवळं पाणी सुटायचं, पदर चिकटायचा, आंबूस वास यायचा. त्याला तिची इतकी किळस यायची, की तो अंथरूण ओढून पार दाराशी निजायचा. आत्ताही ती स्ट्रेचरवरून हळूच म्हणाली होती, "त्या पोतीचं सांगा वो डॉक्टरला."

"लहानपणापासनं गळ्यात लिंगाची चांदीची डबी हाय," त्यानं ठणकावून सांगितलं. "काई होत न्हाई तिला."

शिवगंगेनं त्याच्याकडं बघत मानेवरचा पदर सारखा केला.

आठ स्क्रूंची प्लेट बसली. मोजणीही झकास पार पडली. टाके सुकले, कुठं लाली म्हणून नाही. दोन-अडीच महिन्यांत बाई काठी टेकत चालायला लागली.

त्याच आठवड्यात रेवणसिद्धाची उजवी मांडी खाजू लागली. घाम असेल, गोचीड असेल, म्हणून त्यानं खोबरेल चोळलं. पण फोड उठले ते एका सरळ रेषेत. वीतभर जागेत आठ, सारख्या अंतरावर.

ते फुटले. पिवळं पाणी पायजम्यातून झिरपायचं, त्यावर छावणीतल्या माश्या घोंगावायच्या. टँकरचं पाणी कितीही ओतलं तरी वास जाईना. जेवायला बसलं की घास तोंडाशीच अडायचा. स्वतःच्या पायाची अशी शिसारी त्याला जन्मात आली नव्हती.

शिवगंगेनं ते एकदाच बघितलं. नाकाला पदर लावला.

"लई वास येतोय," ती शांतपणे म्हणाली, आणि अंथरूण घेऊन दाराशी गेली.

मग मात्र त्याचा धीर सुटला. डॉक्टरांपुढं त्यानं खोटं बोलल्याचं कबूल केलं. तिची प्लेट काढून टाका म्हणून हात जोडले. डॉक्टर म्हणाले, त्यांचा पाय ठणठणीत आहे, तुमचाच एक्स-रे काढून बघू.

अंधाऱ्या खोलीत तो थंडगार टेबलावर आडवा झाला. मशीन घुमलं, थांबलं.



"मामा," एक्स-रेवाला पडद्यामागून म्हणाला, "खिशात काय ऱ्हायलंय बघा बरं. लोखंडाची पट्टी दिसायलीय."

रेवणसिद्धाचा पायजमा समोर खुंटीला टांगलेला होता.